ज्यांच्या ड्रॉवरमध्ये लॅबची किल्ली आहे त्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमधल्या तमाम इंजिनिअरिंग आणि सायन्स कॉलेजांचे संस्थाचालक, प्राचार्य, एचओडी, लॅब इन्चार्ज

स.न.वि.वि.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, मे महिन्यात शून्य, आणि मीटिंगला बोलावलंच तर दाराजवळची खुर्ची. आधीच सांगते, हे पत्र कुठल्या एका कॉलेजबद्दल नाहीये. मी आत्तापर्यंत चार ठिकाणी तास घेतलेत आणि त्यातल्या दोन ठिकाणी अगदी सेम चित्र बघितलंय, त्यामुळे कुणी अंगावर ओढून घेऊ नका, आणि ओढून घ्यावंसं वाटलंच तर पत्र बरोबर पत्त्यावर पोचलं असं समजा.

चित्र असं आहे. दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार, वर चकचकीत बोर्ड 'एआय लॅब', आत वीस मशीन, प्रत्येकात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबीवालं. फीत कापून झाली, फोटो पेपरात आला, पेढे वाटले. त्यानंतर कमिटी येते तेव्हा दार उघडतं, एसी लागतो, पोरांना इस्त्रीचे शर्ट घालून मशीनसमोर बसवतात, कमिटी गेली की परत कुलूप. किल्ली ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली सरांच्या खिशात. मी सिव्हिलच्या एका पोराच्या प्रोजेक्टसाठी त्यातलं एक, फक्त एक मशीन रात्री चालू ठेवायला मागितलं तर उत्तर आलं, "मॅडम, ती एआय लॅब आहे, सिव्हिलची नाही." मी म्हणलं सर, कार्डाला कुठे माहितीये आपला गुणाकार कुठल्या डिपार्टमेंटचा आहे ते. सर हसले पण किल्ली नाही दिली.

म्हणून हे पत्र. ते कार्ड नक्की कशासाठी आहे याबद्दलच आपल्याकडे गैरसमज झालाय असं मला वाटतं.

ग्राफिक्स कार्ड बनलं गेमसाठी, हे खरंच आहे. स्क्रीनवर वीस लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा, सेकंदाला साठ वेळा, आणि एका ठिपक्याच्या हिशोबाला दुसऱ्या ठिपक्याचं उत्तर लागत नाही. आता निफाड-दिंडोरीकडच्या पोरांना मी हे द्राक्षबागेवरूनच समजावते. आपला साधा प्रोसेसर म्हणजे सहा-आठ हुशार माणसं, कुठलंही काम सांगा, अडलं तर डोकं लावून वाट काढतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे घडांच्या विरळणीला आलेली टोळी, ३०६० मध्ये ३५८४ कोर आहेत, एकेकटा कोर फार हुशार नाही पण सगळे एकदम वाकून एकच काम करतात. आणि टोळीत ३२-३२ चे गट, प्रत्येक गटाला एक मुकादम, मुकादम ओरडला "कापा" की ३२ जण कापणार. त्यातल्या दहा जणांना वेगळं काम दिलंत तर ते दहा करत असताना बाकीचे बावीस उभे राहणार, मग त्यांचं काम सुरू झालं की हे दहा उभे. म्हणून ज्या कोडमध्ये पावलापावलाला 'असं असेल तर हे, नाहीतर ते' आहे तिथे कार्डाचा फार फायदा होत नाही. पण जिथे लाखो ठिकाणी तोच हिशोब आहे तिथे ही टोळी बाग संध्याकाळच्या आत उरकते.

आणि विज्ञानातले निम्मे हिशोब असेच असतात हो. हवेचा अंदाज, उष्णता कशी पसरते, रेणूंची हालचाल, भूकंपाच्या लाटा, पुराचं पाणी. सगळीकडे जागेचे चौकोन पाडायचे किंवा कण मोजायचे आणि प्रत्येकावर तेच समीकरण चालवायचं.

हे लोकांच्या खूप आधी लक्षात आलं होतं. २००२-०३ च्या सुमाराला काही संशोधक चक्क कार्डाला फसवून काम करून घ्यायचे, म्हणजे आपले आकडे चित्र आहे असं भासवून आत द्यायचे, गणित म्हणजे रंगकाम आहे असं सांगायचं, आणि उत्तर पिक्सेलच्या रंगातून परत वाचायचं. २००६ मध्ये फोल्डिंग ॲट होमवाल्यांनी लोकांच्या घरातल्या एटीआयच्या गेमिंग कार्डांवर प्रोटीनच्या घड्यांचे हिशोब चालवायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या शेवटी एनव्हिडियाचं जीफोर्स ८८०० आलं आणि २००७ मध्ये क्युडा, म्हणजे कार्डासाठी प्रोग्राम लिहायची त्यांची सोय, मग फसवाफसवी संपली, सरळ सी भाषेत लिहायचं. २००८ च्या डिसेंबरात त्याच कामासाठीचं ओपनसीएल आलं, ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. नोव्हेंबर २०१० मध्ये चीनचा तियान्हे-१ए जगातला एक नंबरचा सुपरकॉम्प्युटर झाला तो ७१६८ जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डातल्या याच चिपच्या जोरावर. आणि ज्या एआयचा बोर्ड तुम्ही लावलाय त्याची ही लाट कधी उसळली? २०१२ मध्ये फोटोत काय आहे ते ओळखणारं अलेक्सनेट आलं तेव्हा, आणि ते शिकवलं होतं दोन जीटीएक्स ५८० वर, प्रत्येकी ३ जीबीची गेमिंग कार्ड, पाच-सहा दिवस लागले होते. म्हणजे बघा, या कार्डांवर विज्ञानवाले आधी राहायला आले होते, एआय मागाहून आलेला पाहुणा, आणि आता पाहुण्याने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून घरच्यांनाच बाहेर काढलंय.

लांब कशाला जायचं. पुण्याला जाताना तुम्ही नारायणगावला चहाला थांबता ना, तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. या दुर्बिणीत प्रत्येक डिशचा सिग्नल बाकी प्रत्येक डिशच्या सिग्नलशी गुणून बघावा लागतो, ३० डिश म्हणजे ४३५ जोड्या, आणि ते सतत, सिग्नल येतोय तसं. जीएमआरटी अपग्रेड झाल्यावर बँडविड्थ, म्हणजे एकावेळी ऐकायचा लहरींचा पट्टा, ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली आणि हे गुणाकाराचं ओझं आता जीपीयूवर आहे. तिकडे पुणे जिल्ह्यात, हायवेपासून थोडं आत, आकाशाचा हिशोब ग्राफिक्स कार्ड करतायत आणि आपल्याकडे ती काचेआड धूळ खातायत.

आता त्या पोराची गोष्ट, कारण माझा सगळा जीव त्यात अडकलाय. पोरगा जुन्या नाशकातला. २०१६ चा पूर त्याने लहान असताना बघितला, २०१९ चा थोडं कळायला लागल्यावर. आपल्याकडे पूर मोजायची पद्धत तुम्हाला माहितीये, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातम्यांत सांगतात पण गोदाघाटावर कुणी क्युसेक विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का, हेच विचारतात. याला करायचं होतं इतकंच की एवढा विसर्ग सोडला तर मारुतीच्या कुठवर, सराफ बाजारात किती वेळाने, हे कॉम्प्युटरवर काढायचं. शहराच्या एका टोकाला पाण्यावरच संशोधन करणारी मेरी ही संस्था आहे, अख्खा भाग तिच्या नावाने ओळखला जातो, तर पोराने असा विषय घेणं म्हणजे अगदी इथल्या मातीतलं काम.

गंगापूर गावाच्या खालून तपोवनाच्या पुढपर्यंत साधारण १२ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद पट्टा घेतला, ५ मीटरचे चौकोन पाडले, झाले २४ लाख चौकोन. प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली आणि दोन दिशांचा प्रवाह, आणि पुढच्या क्षणी काय होईल हे ठरतं स्वतःवरून आणि चार शेजाऱ्यांवरून. पाऊल अर्ध्या सेकंदाचं, त्याहून मोठं घेतलं तर लाट एका पावलात अख्खा चौकोन ओलांडून जाते आणि हिशोब फुटतो. एका दिवसाचा पूर म्हणजे १,७२,८०० पावलं. आता २४ लाख गुणिले १,७२,८०० करा, मोबाईलवरच करा.

माझ्या घरच्या सहा कोरच्या मशीनवर, सगळे कोर कामाला लावून, नीट सी मध्ये लिहिलेलं, तरी एका दिवसाच्या पुराला सव्वा तास लागायचा. मग त्याच्या सिडकोतल्या मामेभावाने गेमसाठी घेतलेलं मशीन रात्रीपुरतं मिळालं, त्यात हेच ३०६० कार्ड. पहिल्या रात्री फायदा जवळपास शून्य! पोरगा रडकुंडीला. मी कोड बघितला तर पठ्ठ्या प्रत्येक पावलाला डेटा मुख्य रॅममधून कार्डावर नेत होता, हिशोब करत होता आणि परत आणत होता. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वेगाने वाचली जाते पण मदरबोर्डवरून कार्डात जायचा रस्ता त्या जुन्या मशीनमध्ये फार तर १६ जीबी. म्हणजे द्राक्षाची बाग झपाट्याने उतरतेय पण बागेतून डांबरीपर्यंत यायला एकच बैलगाडीची वाट. सगळा डेटा एकदाच आत नेला, पावणेदोन लाख पावलं आतच चालली, दर पाच मिनिटांच्या पुराचं एक चित्र तेवढं बाहेर काढलं. वेळ आला अकरा मिनिटं.

साधारण सातपट. इथे मला मुद्दाम थांबायचंय, कारण कार्ड विकायला येणारे लोक तुम्हाला शंभरपट सांगतात आणि तुम्ही ते प्रेझेंटेशनमध्ये टाकता. कुणी सिंगल कोरच्या गबाळ्या कोडशी तुलना केली तर शंभरपट पण दिसेल. २०१० मध्ये इंटेलच्या लोकांनी १४ प्रकारचे हिशोब दोन्हीकडे नीट लिहून मोजले तर सरासरी अडीचपटच फरक निघाला, आता इंटेल प्रोसेसर विकते म्हणून ते त्यांच्या सोयीचं होतं हे मान्य, पण मुद्दा खोटा नाही. आमच्या हिशोबात खरी अडचण मेमरी किती भराभर वाचता येते हीच होती. साध्या डेस्कटॉपची रॅम सेकंदाला ५० जीबीच्या आसपास देते, कार्ड ३६०, भागाकार करा, सात येतं. त्यामुळे सातपट आलं तेव्हा मला आनंद झाला, वीसपट आलं असतं तर मी आधी चूक शोधली असती.

आणि चूक निघालीच, वेगळीच निघाली. चित्रं बघताना लक्षात आलं की कडेकडेला, जिथे पाणी हळू चढायला पाहिजे, तिथे पाणी चढतच नाहीये. हट्टाला पेटल्यासारखं जागेवर. माझ्या मशीनवर तोच पूर नीट चढत होता. दोन रविवार गेले माझे यात. कारण असं की गेमिंग कार्ड सिंगल प्रिसिजनला, म्हणजे कमी अंकांच्या हिशोबाला, जोरात आहे, डबल प्रिसिजनचा, म्हणजे जास्त अंकांच्या हिशोबाचा वेग त्यात ६४ पट कमी ठेवलेला असतो, म्हणून पोराने सगळं सिंगलमध्ये लिहिलं, आणि खोली न साठवता समुद्रसपाटीपासूनची पाण्याची पातळी साठवली. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. सिंगलमध्ये साधारण सात अंक बसतात, त्यामुळे ५६० च्या आसपास एका आकड्यानंतर मशीनला माहिती असलेला पुढचा आकडा ०.०६ मिलिमीटरवर असतो, मधलं काही मशीनला दिसतच नाही. पाणी तासाला १० सेंटीमीटर चढत असेल तर अर्ध्या सेकंदात चढणार ०.०१४ मिलिमीटर. मशीन जवळच्या आकड्यावर आणून ठेवतं, आणि जवळचा आकडा म्हणजे जिथे होतो तोच! दिवसभर पाणी येत राहिलं तरी पातळी तिथेच. मग जमिनीची उंची वेगळी आणि पाण्याची खोली वेगळी साठवली, एकूण पाणी किती याची बेरीज तेवढी डबलमध्ये ठेवली, आणि पूर सुरळीत चढला. माझ्या मते त्या पोराचं संपूर्ण इंजिनिअरिंग त्या दोन रविवारांत झालं. हे सिलॅबसच्या कुठल्या युनिटमध्ये येतं सांगा मला, कुठल्याच नाही.

अकरा मिनिटांचा खरा फायदा तर पुढे आहे. आमच्याकडे जमिनीची उंची म्हणजे फुकटचा सॅटेलाइटचा ३० मीटरचा डेटा, तो ताणून ५ मीटर केलेला, पात्र किती खडबडीत धरायचं हा पण अंदाजच, नासर्डी आणि वाघाडीतून किती पाणी येतंय तेही नक्की नाही. अशा वेळी एकच उत्तर काढून 'मारुतीच्या छातीपर्यंत' म्हणणं म्हणजे फेकाफेकी. करायला पाहिजे काय तर हे सगळे अंदाज थोडे इकडेतिकडे करून चाळीस वेळा चालवायचं आणि बघायचं उत्तर किती हलतंय. माझ्या मशीनवर चाळीस वेळा म्हणजे दोन दिवस दोन तास, आणि मधे लाईट गेली की बोंबला. कार्डावर साडेसात तास, रात्री जेवून लावा, सकाळी पोह्यांच्या वेळेला तयार. पण मामेभावाला पण गेम खेळायचा असतो हो! तिसऱ्या आठवड्यात त्याने हात जोडले. आणि तुमच्याकडे वीस मशीन संध्याकाळी पाचनंतर बंद.

आता तुमचे आक्षेप, मी ते ऐकून ऐकून पाठ केलेत.

पोरं गेम खेळतील. खेळतील ना, दिवसा समोर बसवलंत तर खेळतील. म्हणून तर मी म्हणतेय समोर बसवूच नका, मशीनला लिनक्स टाका, स्लर्म नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, पोराने घरून काम रांगेत लावायचं, नंबर आला की चालणार, संपलं की पुढचं. कोण किती वेळ वापरतंय सगळी नोंद राहते, रजिस्टरपेक्षा चांगली. कुणीतरी चोरून क्रिप्टो कॉइनची मायनिंग करेल ही भीती २०२१ मध्ये ठीक होती, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या मोठ्या कॉइनने मायनिंगची पद्धतच सोडली, आता अशा कार्डावर त्यात लाईटबिलसुद्धा सुटणं अवघड, आणि नोंदीत सापडेलच.

लाईटबिलावरून आठवलं. कार्ड पूर्ण ताकदीने १७० वॅट खातं, अख्खं मशीन ३०० धरा. दहा तास म्हणजे तीन युनिट, वीसच्या वीस मशीन रात्रभर चालवल्या तर साठ. सेमिनार हॉलमधले एसी पाहुणे यायच्या आधी सकाळपासून लावून ठेवता तेव्हा कुणी युनिट मोजत नाही.

बाकी डिपार्टमेंटला येत नाही. हे मात्र खरं आहे आणि हाच मला पटणारा एकमेव आक्षेप. पण पायथॉन सगळ्यांना थोडंफार येतं, आणि कुपाय नावाची लायब्ररी पायथॉनमधल्या आकडेमोडीच्या नमपायसारखीच वापरायची असते, बऱ्याच ठिकाणी नुसतं नाव बदललं तरी हिशोब कार्डावर जातो. फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांना तर कोड लिहायची पण गरज नाही, ग्रोमॅक्स, लॅम्प्स ही रेणूंची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि कार्ड असलं तर ते वापरतात. सगळ्यांना फायदा होईल असं मी म्हणत नाहीये. मेकॅनिकलच्या ज्या सरांना मोठ्या स्ट्रक्चरचा डबल प्रिसिजनमधला हिशोब करायचाय त्यांना ३०६० निराश करेल, त्यांनी आधी माझ्याशी बोलावं. ज्यांचं गणित एकापुढे एक असंच जातं, पुढच्या ओळीला मागच्या ओळीचं उत्तर लागतं, त्यांनी पण यात पडू नये.

आणि नवीन काही विकत घेऊ नका, प्लीज. मागच्या महिन्यात एका ठिकाणी ऐकलं की आता 'मोठा सर्व्हर' घ्यायचं चाललंय. आधीच्या वीस मशीन वर्षभर रात्री चालवून दाखवा, मग घ्या. ज्यांना खरंच मोठं लागेल त्यांना सीडॅक या सरकारी संस्थेचे परम सुपरकॉम्प्युटर आहेत, पण तिथे जाताना हातात छोट्या कार्डावर चाललेला कोड पाहिजे, रिकाम्या हाताने जाऊन काय सांगणार.

माझी मागणी म्हणाल तर वीसही नकोत, दोन मशीन द्या, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, कुठल्याही डिपार्टमेंटच्या पोराला, एका सेमिस्टरपुरतं. बोर्ड बदलायची पण गरज नाही, एआयच राहू द्या.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक मॅडम
गंगापूर रोड, नाशिक

ता. क. लिनक्स टाकायला आणि रांग बसवायला माणूस नाही असं म्हणणार असाल तर शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते, पेनड्राइव्ह माझा, तासाचे पैसे नकोत. फक्त त्या दिवशी किल्लीवाले सर रजेवर नाहीत ना ते आधी कळवा, मागच्या वेळी मी सिन्नरहून बसने आले आणि कुलूप बघून परत गेले.